पाहणीच्या तक्त्यातले मूल : संगमनेर आणि प्रवरेकाठचा गरिबीचा अभ्यास

विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या वतीने गावोगाव हिंडून, घरात बसून कुटुंबाची मिळकत, कर्ज, अन्न आणि मुलांची स्थिती लिहून घेणे हे काम महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ते करणाऱ्याला कधी तपासनीस म्हटले गेले, कधी अन्वेषक, आणि अलीकडे संशोधन साहाय्यक किंवा प्रकल्प साहाय्यक. गरिबीबद्दलचे जे आकडे पुढे अहवालांत, विधिमंडळात आणि पाठ्यपुस्तकांत वापरले गेले, ते आधी याच माणसाच्या तक्त्यात उतरलेले असतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुका आणि त्याभोवतीचे प्रवरा खोरे यांच्या आधाराने हा इतिहास चांगला उलगडतो. पाटाचे पाणी, कोरडे पठार, विड्यांचा धंदा आणि साखर कारखानदारी या चारही गोष्टी येथे काही कोसांच्या अंतरात सापडतात. त्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते : गरीब घराची मोजणी लवकर सुरू झाली, पण त्या घरातल्या मुलाची स्वतंत्र मोजणी व्हायला फार उशीर लागला.

पद्धतशीर चौकशीची सुरुवात विद्यापीठात झाली नाही. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने दख्खनच्या रयतेच्या स्थितीची चौकशी हाती घेतली. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हे नगरचे तालुके त्यात होते. सरकारने त्यावर आयोग नेमला. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला, तेव्हा सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून वृत्तांत मागवले आणि ते सरकारपुढे मांडले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या भोवती उभ्या राहिलेल्या या कामात आजच्या क्षेत्रपाहणीची पहिली खूण आहे : सरकारी कागदावर विसंबून न राहता कोणीतरी जाऊन पाहावे आणि लिहून पाठवावे. त्या वृत्तांतांत मुले आहेत, पण ती उपाशी जमावाचा भाग म्हणून. पुढच्या दुष्काळ संहितांनी मुलांची काम करणारी आणि आश्रित अशी विभागणी केली. मदतीचा दर ठरवण्यासाठी ती पुरेशी होती, मुलाचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी नव्हती.

विद्यापीठाचे नाव या कामाशी जोडले गेले ते डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्यामुळे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हे प्राचार्य मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव घेऊन तिथली जमीन, पिके, कर्ज आणि प्रत्येक कुटुंबाचा जमाखर्च तपासला. हा अभ्यास १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेत प्रसिद्ध झाला. दुसरा अभ्यास जातेगाव बुद्रुकचा, तो १९२१ साली आला. यातली विशेष उल्लेखनीय गोष्ट अशी की मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांची नावे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातली : द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. अ. तम्हाणे. दुसऱ्या पुस्तकात तर कानिटकर थेट सहलेखक आहेत. गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारी, कर्जाचा आकडा खरा की सांगीव हे ओळखणारी माणसे हीच होती. मॅन यांनी ते मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा. पुढच्या अनेक जाड अहवालांत अशा माणसांच्या वाट्याला प्रस्तावनेतली एखादी ओळ आली, कधी तीही नाही.

इंग्लंडमध्ये याच सुमारास पाहणीचा धंदा आकाराला आला होता. सीबम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या ११,५६० कुटुंबांची माहिती घरोघर जाऊन गोळा करवली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. माणूस जगायला किमान किती खर्च येतो हे आधी ठरवायचे आणि मग किती घरे त्याच्या खाली आहेत हे मोजायचे, ही रीत त्यांनी रूढ केली. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केले तेव्हा हीच रीत गिरणगावात आली. या कार्यालयाने स्त्री तपासनीस नेमल्या, आणि त्यामुळे चौकशी प्रथमच स्वयंपाकाच्या चुलीपर्यंत आणि पाळण्यापर्यंत पोहोचली. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवतात, ही गोष्ट १९२२च्या सुमारास सरकारी अहवालात आली ती डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरच्या चौकशीतून. पुरुष तपासनिसाला ती कोणी सांगितली नसती.

तरीही जमाखर्चाच्या तक्त्यात मूल पूर्ण माणूस नव्हते. कुटुंबाचा अन्नखर्च एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी लस्क यांचे मापन वापरले जाई. त्यात प्रौढ पुरुष १, प्रौढ स्त्री ०.८३, सहा ते दहा वर्षांचे मूल ०.७० आणि सहा वर्षांखालचे मूल ०.५० धरले जाई. हिशेबासाठी हे सोयीचे होते. पण घराचा एकूण आकडा पुरेसा भरला की आतल्या अर्ध्या माणसाला खरोखर अर्धे मिळाले की नाही, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटत नसे.

संगमनेरच्या भागात शास्त्रशुद्ध पाहणी आली ती पाण्याच्या निमित्ताने. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी प्रवरेच्या पात्रातून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पाटांनी पूर्वेकडे राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी केली, ती १९४८ साली पुस्तकरूपाने आली. पाटाखालची गावे एका बाजूला, त्यांच्यासारखीच पण जिरायती गावे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींतले उत्पन्न, मजुरी, रोजगार समोरासमोर. ही तुलना आज साधी वाटते, पण तिच्यासाठी साहाय्यकांनी शेकडो घरांचे पिकाचे, बैलांचे, गड्यांचे आणि कर्जाचे हिशेब तोंडी विचारून लिहिले. शेतकऱ्याकडे वही नसते. मागच्या हंगामात किती बाजरी झाली हे तो पोत्यांत सांगतो, त्यातली बलुत्याला किती गेली, घरी किती राहिली, हे उलगडून विचारावे लागते. गाडगीळांच्या परंपरेचे खरे बळ या चिकाटीत होते. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे अध्यक्ष झाले. १९५०च्या अखेरीस सुरू झालेला तो कारखाना आणि ती पाहणी यांना वेगळे करता येत नाही. मात्र पाटाने घरात आलेला पैसा मुलाच्या ताटात किंवा पाटीवर दिसला का, हा प्रश्न त्या काळच्या अर्थशास्त्राच्या चौकटीत बसत नव्हता.

पाटीचा प्रश्न त्याच संस्थेने दुसरीकडे हाताळला. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांच्या नावाने १९५५ साली प्रसिद्ध झाल्या. शाळेत नाव घातलेली मुले मध्येच का गळतात, आणि शिकून बाहेर पडलेली काही वर्षांनी पुन्हा निरक्षर होतात का, हे त्यांत शोधले होते. दुसऱ्या प्रश्नासाठी शाळा सोडून वर्षे लोटलेल्या माणसांना शोधून, त्यांना वाचायला-लिहायला लावून पाहावे लागते. साहाय्यकाच्या कामात हजेरीपटाची नक्कल करण्यापलीकडे काय असते, ते यावरून कळावे.

संगमनेरच्या मुलांचा विषय निघाला की विडीकडे वळावेच लागते. हा धंदा संगमनेर, अकोले आणि शेजारच्या सिन्नर भागात रुजला तो जिरायत शेतीच्या आणि मागावरच्या विणकामाच्या तुटपुंज्या मिळकतीला जोड म्हणून. टेंभुर्णीची पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, चिमूटभर तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधायचा आणि तोंड दुमडायचे. मजुरी हजारावर. वळण्याचे काम बहुतेक बायांचे. पाने भिजवणे, शिरा काढणे, दोरा बांधणे, तोंडे दुमडणे ही कामे मुलांच्या बोटांना सहज जमणारी, म्हणून ती मुलांकडे. सूप मांडीवर घेतलेल्या आईशेजारी बसलेली मुलगी मजूर आहे असे घरच्यांना वाटत नाही आणि परक्यालाही चटकन वाटत नाही.

कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात विडीच्या छोट्या कारखान्यांतल्या मुलांची स्थिती नोंदवली. काही ठिकाणी पाच-पाच वर्षांची मुले दहा-बारा तास, जेवणाच्या धड सुट्टीविना, दोन आण्यांइतक्या कमी मजुरीवर बसलेली आयोगाला आढळली. त्यानंतर १९३८च्या मुलांच्या रोजगारविषयक कायद्याने विडीच्या कामात बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, पण मालक आपल्याच कुटुंबाच्या मदतीने चालवत असलेले काम त्यातून वगळले. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, पण ती औद्योगिक जागेपुरती, आणि राहते घर त्या व्याख्येच्या बाहेर राहिले. १९८६च्या बालमजुरी कायद्यातही विडीचे काम निषिद्ध यादीत होते, आणि कुटुंबाच्या कामाची सूटही तशीच होती. तिन्ही वेळा पळवाट एकच. १९६६च्या कायद्यानंतर देशभर अनेक मालकांनी कारखान्यातले काम घरखात्यावर, म्हणजे कामगारांच्या घरी, वळवले. संगमनेर-अकोल्यात दत्ता देशमुखांसारख्या नेत्यांनी विडी कामगारांना संघटित केले, मजुरीसाठी लढे दिले, १९७६च्या कल्याण निधीच्या कायद्यांमुळे कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्याही मिळू लागल्या. हे सगळे मोलाचे आहे. तरी घराच्या उंबऱ्याच्या आत काय चालते हे कायद्याला दिसत नव्हते, आणि ते दिसण्याचा मार्ग पाहणीचाच होता.

इथे साहाय्यकाच्या कौशल्याचा कस लागतो. विडी कामगाराच्या कार्डावर आणि लॉगबुकात नाव एकाच बाईचे. ‘विड्या कोण वळतं?’ असे विचारले तर उत्तरही तेच येते. मुलीला कामाला लावतो हे कोणतीही आई परक्या माणसाला पहिल्या भेटीत सांगत नाही, आणि तिने का सांगावे? म्हणून प्रश्न फिरवून विचारावा लागतो. दिवसाला विड्या किती जातात, पाने कोण भिजवते, मुलगी शाळेतून आली की काय करते, सुट्टीच्या दिवशी आकडा वाढतो का. सराईत बाईच्या हातून दिवसाला हजाराच्या आसपास विड्या होतात. घरातून त्याहून बऱ्याच जास्त जात असतील तर उरलेल्या विड्यांमागे इतर हात आहेत, आणि ते कोणाचे हे घरातली माणसे मोजली की कळते. बालमजुरीच्या अभ्यासातले सर्वांत विश्वासार्ह आकडे अशा आडवळणाच्या हिशेबातून आलेले आहेत. सरळ प्रश्नावर विसंबलेली पाहणी बालमजूर कमी दाखवते, आणि तिचा दोष उत्तर देणाऱ्या बाईवर टाकणे अन्यायाचे आहे.

१९७१ साली दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. दिवसाला माणशी २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही त्यांची रेषा. १९६०-६१च्या किमतींनी ती ग्रामीण भागात महिना दरडोई १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होती. ग्रामीण लोकसंख्येतले सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. या एका निबंधाने देशाच्या धोरणाची भाषा बदलली. पण दरडोई म्हणजे घरातल्या डोक्यांनी भागलेले. लहानग्याची उपासमार या भागाकारात पुन्हा एकदा विरून गेली. १९७२चा दुष्काळ, सुकडी, खडीची कामे आणि पुढे रोजगार हमी योजना यांवर गोखले संस्थेत अभ्यास झाले. कुमुदिनी दांडेकरांनी १९८३ साली ही योजना स्त्रियांच्या अंगाने तपासली, तेव्हा कामावर येणाऱ्या आईच्या कडेवरचे मूल अर्थशास्त्राला दिसू लागले.

मुलाची उंची आणि वजन हीच गरिबीची साक्ष मानण्याकडे वळण मिळाले ते १९७०च्या दशकात. १९७५ साली हैदराबादच्या इक्रिसॅट या संस्थेने सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातली कान्झरा व किनखेडा ही गावे घेऊन दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात प्रत्येक गावात एक अन्वेषक राहायलाच गेला. तो शेतीशास्त्र शिकलेला, खेड्यात वाढलेला, तिथली बोली बोलणारा असे. दर तीन-चार आठवड्यांनी तीच घरे, तेच प्रश्न, आणि हे दहा वर्षे. गावात राहणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात खोटे सांगता येते, दुसऱ्या वर्षी येत नाही. याच अभ्यासात काही काळ घरातल्या प्रत्येकाचे खाणे स्वतंत्र नोंदले गेले आणि मुलांची मोजमापे घेतली गेली. जिरायत महाराष्ट्रातल्या गरिबीबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातले बरेच या निवासी अन्वेषकांच्या वह्यांतून आलेले आहे. संगमनेरच्या पठारावरच्या कोणत्याही गावाला ते चित्र अनोळखी वाटणार नाही.

मुलाचे मोजमाप घेणे ऐकायला सोपे आहे. पण वजनाचा अर्थ वयावर ठरतो आणि वय नेमके ठाऊक नसते. जन्मनोंद नसेल तर मूल पोळ्याच्या आधीचे की नंतरचे, बाजरी काढणीला आली होती की पेरणी चालू होती, भाऊ त्या वेळी चालत होता का, असे विचारत महिना ठरवावा लागतो. वयात दोन-तीन महिन्यांची चूक झाली तर कुपोषित मूल धडधाकट ठरते किंवा उलट. अन्नाचेही तसेच. ‘एक भाकरी खाल्ली’ या उत्तराला वजन नाही, म्हणून त्या घरची भाकरी तोलून पाहावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. आईच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध किती आणि बाळ जन्मले कसे, याचा संबंध त्यातून पुढे आला. घरी जाऊन ताट मोजणाऱ्या बायांशिवाय ते शक्यच नव्हते.

नगर जिल्ह्यातल्याच जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथे नोंदी ठेवणाऱ्या बाया गावातल्याच, पुष्कळशा न शिकलेल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामात गावातल्या आरोग्यदूतांनी बालमृत्यू घरोघर मोजले. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदी आणि प्रत्यक्ष मृत्यू यांतली दरी राज्यापुढे ठेवली, आणि २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. नोंदवहीतून धोरण निघाल्याचे महाराष्ट्रात याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच असेल.

तरी एक मूल पाहणीतून सतत निसटते, ते ऊसतोड मजुराचे. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, जामखेडकडची कुटुंबे बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने साखर पट्ट्यात येतात, संगमनेरच्या कारखान्यालाही येतात, आणि चैत्राच्या सुमारास परततात. मूल गावच्या हजेरीपटावर असते, राहायला असते कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत. गावच्या पाहणीत ते घराला कुलूप म्हणून वगळले जाते, कारखान्याकडच्या पाहणीत गावचे रहिवासी नाही म्हणून. या मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, त्यांनी शाळेचा प्रश्न काही अंशी हलका केला. मोजणीचा प्रश्न तसाच आहे.

मुलांवरच्या संशोधनाला आता नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आईवडिलांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते. हे योग्यच झाले. मुलाला विचारून मोजणे आणि धरून मोजणे यांत फरक आहे. साहाय्यकाच्या नोकरीला मात्र असे संरक्षण मिळालेले नाही. ती प्रकल्पापुरती असते, निधी संपला की संपते. घराघरांत कमावलेला विश्वास आणि प्रश्न विचारण्याची हातोटी त्याच्याबरोबर निघून जाते, आणि पुढचा प्रकल्प नव्या, अननुभवी माणसाला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. संशोधनाचा दर्जा खालावण्याचे हे मोठे कारण आहे, आणि विद्यापीठांनी ते मनावर घेतलेले दिसत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या फेऱ्या १९९२-९३ पासून होत आल्या आहेत. चौथ्या फेरीपासून जिल्हावार आकडे मिळतात. पण अहिल्यानगर जिल्हा सतरा हजार चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याचे आदिवासी डोंगर, संगमनेरची बाजारपेठ, पठारावरची टँकरची गावे आणि श्रीरामपूरचा बागायत पट्टा यांची एकच सरासरी निघते, आणि ती यांपैकी कोणाचेच चित्र नसते. तालुक्याच्या पातळीवर मुलांबद्दल हाती राहतात त्या अंगणवाडीच्या नोंदवह्या. संगमनेरला १९६१ पासून महाविद्यालय आहे, नगरला समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था आहे, लोणीला वैद्यकीय विद्यापीठ आहे. या संस्थांनी मिळून, स्थानिक तरुण साहाय्यकांना कायम वेतनावर घेऊन, दर पाच वर्षांनी तालुक्यातल्या मुलांची घरटी पाहणी करावी. त्यात विडीची घरे असावीत, पठारावरच्या वाड्या असाव्यात आणि हंगामात कोप्यांवर राहणारी मुलेही असावीत.